मनोरीतली वीतभर फट

मनोरीला जाऊन आले म्हटलं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. “कुठल्या कॉटेजला उतरलीस?” आणि “पापलेट आणलंस का?” ह्या वेळी मी काहीच बोलले नाही, तर त्यांना वाटलं बाई रागावली. रागावले होतेच, पण स्वतःवर. शेवटी म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. मनोरी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांनी ती समुद्राच्या बाजूने पाहिली. मी पाहते ती स्वयंपाकघराच्या बाजूने.

साकीनाक्याला माझा पत्रेकामाचा गाळा आहे. आधी तो सासऱ्यांचा होता, मग नवऱ्याचा, तो गेल्यापासून माझा. कूलरची खोकी, हॉटेलांच्या भट्ट्यांची धुराडी अशी कामं. धुराड्यांवरूनच चुलीचं वेड डोक्यात शिरलं. आम्हा पाच-सहा बायकांचा एक गट आहे, आणि मनोरीच्या कोळीवाड्यात आम्ही अकरा घरांत धुराड्याच्या चुली बसवल्या, काही घरांचे मोडके संडास नीट करून दिले. मनोरी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि गॅस घरोघरी आहे, हे मलाही माहीत आहे. पण आंघोळीचं पाणी, तांदळाच्या भाकऱ्या, पाहुणे आले की मोठ्या टोपातला भात, हे अजून चुलीवरच होतं. सिलिंडर चहापुरता.

तिथली माझी पहिली ओळख हिराशी. माझ्याच वयाची, मासळी विकणारी, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. पण चुलीपुढे बसली की खोकून खोकून तिचं बोलणं बंद पडायचं. तिच्या घरी मी विटा-मातीची चूल बांधली आणि माझ्या गाळ्यात बनवलेलं धुराडं कौलांतून वर काढलं. धूर थेट बाहेर. आठ दिवसांत हिराचा खोकला कमी झाला आणि आवाज दुप्पट झाला.

मग तिनेच सुचवलं. तिच्या घराच्या भिंती आणि कौलं ह्यांच्यामध्ये वीतभर फट होती, घरभर फिरलेली. जुन्या घरांत असते तशीच. तिच्यातून डास येत, उंदीर येत, पावसाचे शिंतोडे येत. “आता धुराला धुराडा हाय ना, मग ही फट कनाला? बुजवून दे गो,” ती म्हणाली. मलाही पटलं. मी विटा लावून, वर सिमेंट फिरवून फट बुजवली. कौलांखाली तिने ताडपत्री ताणून घेतली, खिडकीला मी जाळी ठोकली. फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘ना धूर, ना डास!’ अंगठेच अंगठे आले. हिराचं बघून आणखी तीन घरांनी फटी बुजवून घेतल्या.

ह्या खेपेला मी निघाले तेव्हा त्या चार घरांचा मला फार अभिमान होता.

मार्वेचा धक्का

चुली बसवून वर्ष होत आलं होतं. खाऱ्या वाऱ्याने धुराड्यांच्या टोप्या गंजतात, म्हणून मी अकरा नव्या टोप्या बनवल्या आणि दोन पोत्यांत भरून निघाले. जानेवारी होता, आणि मुंबईकराने स्वेटर शोधावा इतपत थंडीही होती. मार्वेला पोचले तर ओहोटी लागलेली. खाडीचं पाणी आत ओढलं गेलं होतं आणि धक्क्याच्या पायऱ्या संपल्यावर चिखलातून चार पावलं टाकून होडीत चढावं लागत होतं. मी चढताना एक पोतं कलंडलं आणि टोप्या थाळ्या वाजाव्यात तशा वाजत होडीभर पसरल्या.

समोर रिकाम्या पाट्या घेऊन एक मासळीवाली बसली होती. तिने एक टोपी उचलून उलटसुलट पाहिली.

“ह्या कोनाच्या डोक्याला गो? भुताच्या?”

“धुराड्याच्या. कोळीवाड्यातल्या चुलींना बसवायच्यात.”

“तू ती चुलीवाली काय! मग हिराकडे उतरनार. हात-पाय धुवून शिर हां घरात. तिची प्रणाली बालंत झाली. पोरगा झाला.”

मला इतका आनंद झाला की मी तिच्या हातातून टोपी घ्यायची विसरले. प्रणाली हिराची एकुलती एक. धुराडं चढवताना तिनेच माझी शिडी धरली होती, तेव्हा तिच्या हातावरची लग्नाची मेंदीसुद्धा पुरती गेली नव्हती. सासर गोराईला, पण पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती.

“बाळ कसं आहे?”

“नऊ दिस झाले. एकदम शांत. शेजाऱ्याला म्हनून आवाज नाय,” ती म्हणाली. “जानाआत्या आयलीये शेक द्यायला. तिच्या हाताचं पोर असंच असतं.”

मी मनात म्हटलं, वा, धूर नसलेल्या घरात जन्मलेलं बाळ, शांत नाही राहणार तर काय! इतकी मूर्ख बाई त्या होडीत दुसरी नव्हती.

हिराच्या ओट्यावर

हिराच्या ओट्याजवळ पाण्याचं पिंप आणि खुंटीला जाळीच्या पिशवीत साबण. बाहेरून आलेल्या माणसाने आधी पाय धुवायचे आणि मग आत यायचं, ही ह्या वस्तीची जुनी रीत, बाळंतीण घरात असली की जास्तच कडक. साबण मात्र माझा हट्ट. हिराने तो माझ्यावरच चालवला.

“कोपरापर्यंत. तूच शिकवलंस ना?”

मी मुकाट्याने कोपरापर्यंत हात धुतले. मग म्हटलं, बघू, आपण दुरुस्त केलेला संडास कसा आहे. दार उघडलं तर आत कमरेइतकं जाळं भरलेलं, वर बोयांची माळ.

“हिरा! हे काय?”

“अगो, मालक दर्यावर गेलाय, नवा जाला उंदरांनी खाऊ नये म्हनून ठेवला. गावात त्याच्याएवढी पक्की खोली दुसरी नाय.” वर हसली. “रागावू नको. आम्ही शेजारनीकडं जातो. तिचाबी तूच केलेला हाय.”

मी आरडाओरडा केला, आणि आम्ही दोघींनी मिळून जाळं बाहेर काढलं. ज्या गोष्टीवर ओरडायला हवं होतं ती आतल्या खोलीत चालली होती, आणि मी ओरडत होते ती जाळ्यावर.

कारण तेव्हा आत शेक चालू होता. आतल्या खोलीचं दार आतून कडी घालून बंद. शेक चालू असताना दार उघडायचं नाही, वारा लागतो. हे काही मला परकं नव्हतं. माझ्या बाळंतपणात आईने घाटकोपरच्या चाळीत अशीच शेगडी ठेवली होती. बाळंतिणीला आणि बाळाला तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं, मग सुंभाच्या बाजल्यावर झोपवायचं आणि खाली निखाऱ्यांची शेगडी. अंग आवळतं, बाळाला सर्दी होत नाही. फरक एवढाच की आमच्या चाळीचं दार आई लोटायची आणि कुणी ना कुणी ते ढकलून आत यायचंच. कधी वाटी मागायला, कधी नुसतंच बघायला. आई वैतागायची. त्या वैतागाने मला वाचवलं असेल हे आत्ता लिहिताना सुचतंय.

तासाभराने कडी निघाली आणि जानाआत्या बाहेर आली. सत्तरीची, काटक, केसांत पिवळी शेवंती. ही हिराची आत्या, आणि अर्ध्या कोळीवाड्याची बाळंतपणं हिच्या हातची. येऊन ओट्यावर टेकली आणि कपाळ दाबत राहिली.

“तुझी चूल चांगली गो,” ती मला म्हणाली, “पन निखारं ठेवत नाय. सगला जालून टाकते. शेकाला कोलशाची गोनी आनावी लागली.”

“चांगली चूल अशीच असते, आत्या.”

“आनि ऐक. पयली आम्ही ओवा, शेपा टाकून धुरी द्यायचो. तू बोललीस धूर वाईट. बंद केली. आता निव्वल कोलसा. खोलीत बघ, जरा तरी धूर हाय?”

मी दारातून डोकावले. खरंच नव्हता. हवा गरम होती, स्वच्छ दिसत होती. बायका आपलं ऐकतात ह्याचं समाधान माझ्या तोंडावर असं पसरलं असेल की कुणी आरसा धरला असता तर मीच हसले असते.

प्रणाली बाजल्यावर पडून होती. चेहरा लालबुंद.

“मावशी, शेक झाला ना की डोकं फुटतं माझं,” ती म्हणाली. “काल उलटी पण झाली.”

“वारा लागलाय,” जानाआत्याने बाहेरून निकाल दिला. “उद्या खिडकीबी बंद करू. थंडी किती पडलीये.”

“जागरण होत असेल गं,” मी म्हटलं. “बाळ रात्री उठवतं ना?”

“नाही ना. उठतच नाही. दूध पाजायला मलाच उठवावं लागतं. दोन घोट घेतो की परत झोपतो.”

मी बाळ पाहिलं. कुंचीत गुंडाळलेला एवढासा गोंडस चेहरा, मिटलेले डोळे. आणि मी, दोन मुलांची आई, काय म्हणाले? “किती गुणी आहे गं!”

दुपारी जेवायला तव्यावरचे ओले बोंबील, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. हिरा भाकरी हातावर थापत होती, पीठ पाण्यात बुडवून बोटं फिरवत, आणि धूर सरळ वर जात होता. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. मालवणी माणूस माशापुढे लाजत नाही. उरलेल्या दिवसात सहा घरांच्या टोप्या बदलल्या. हिराची टोपी दुसऱ्या दिवसावर ठेवली, कारण तिच्याकडेच मुक्काम होता आणि घरचं काम सगळ्यात शेवटी, ही आमच्या साकीनाक्याची पद्धत.

कौलांवर

सकाळी गारठा होता आणि कौलं दवाने ओली. मी कमरेला पत्रा कापायची कात्री आणि हातोडी खोवून शिडी चढले. हिरा खाली पिंपाजवळ मासळी साफ करत बसली होती. आत शेक सुरू होऊन बराच वेळ झाला होता. जानाआत्याने शब्दाप्रमाणे खिडकीत गोधडी कोंबली होती, ती जाळीतून बाहेर फुगलेली मला शिडीवरून दिसली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

जुनी टोपी गंजून धुराड्याला चिकटली होती. ती सोडवताना तोल सांभाळायला मी डावा हात बाजूच्या कौलांवर टेकला. हात कोरडा राहिला.

मी बघितलं. सगळं छप्पर ओलं, आणि माझ्या हाताखाली चादर पसरावी एवढा एक चौकोन कोरडा. त्यावरचं दव सुकून गेलं होतं. कौल कोमट लागत होतं. चूल तर मी टोपीसाठी सकाळीच विझवायला लावली होती. मग ही ऊब कुठली? खाली आतली खोली होती, आणि तिच्यात बंद दाराआड शेगडी.

आमच्या साकीनाक्याच्या गल्लीत एक नियम आहे. थंडीत शेगडी पेटवली की गाळ्याचं शटर हातभर वर ठेवायचं. कुणी विसरलं तर येणारा-जाणारा शिवी हासडून शटर वर ढकलतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रखवालदाराने थंडी वाजते म्हणून शटर पूर्ण ओढून घेतलं होतं. सकाळी उघडलं तेव्हा तो झोपल्यासारखाच दिसत होता. गाळ्यात धुराचा मागमूस नव्हता. फुललेल्या कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, डोळ्यांत झोंबत नाही, हे आमच्या ओळीतल्या चहावाल्यालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. वर्षभर मनोरीतल्या बायकांना मी धूर दाखवून घाबरवलं, आणि जे दिसत नाही त्याबद्दल एक शब्द बोलले नाही.

आणि ती वीतभर फट. तिच्यातून डास येत होते हे खरं. तिच्यातूनच कित्येक बाळंतिणींच्या शेगड्यांचं विष निघून जात होतं. ती मी माझ्या हाताने बुजवली होती.

“प्रणाली!” मी कौलांवरूनच ओरडले. “आत्या! खिडकी उघडा!”

काही नाही.

मी हातोडीच्या टोकाने एक कौल उचकटलं, दुसरं उचकटलं, तिसरं हातातून सुटून अंगणात फुटलं. खाली ताडपत्री. कात्रीने ती टराटरा फाडली. गरम हवेचा झोत तोंडावर आला. आत उजेड पडला आणि मला वरून दिसलं ते मी अजून विसरू शकत नाही. जानाआत्या भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर. प्रणालीचा एक हात बाजल्याखाली लोंबत होता. तिच्या कुशीत बाळ, आणि बाजल्याखाली शेगडी लाल, सुंदर फुललेली.

“आत्या!”

“हं,” असा एक आवाज आला. मान वर झाली नाही.

मी शिडीवरून कशी उतरले ते विचारू नका. कौल फुटल्याच्या आवाजाने हिरा धावत आली होती, हात मासळीने माखलेले.

“दार उघड, हिरा! आतल्या तिघांना कोळशाचा वायू लागलाय!”

“शेक चाललाय. मधीच दार नाय उघडत.” ती दारासमोर उभी राहिली. “धूर तरी हाय का आत? वारा लागला तर माजी पोर—”

“धूर नाही म्हणूनच! तुझी पोर हाक मारली तर ओ देत नाही, हिरा!”

ती गर्रकन वळली. मग दारावर दोन्ही हात आपटून लेकीला हाक मारली. तो खाडीपलीकडे जाणारा आवाज. आतून उत्तर आलं नाही. “बाजूला हो,” ती म्हणाली, आणि दाराच्या फटीत मासळीचा कोयता घालून तिने अशी काही पिरगळ दिली की कडी लाकडासकट उखडून आली.

तिने बाळ उचललं. मी प्रणालीला काखेत हात घालून ओढलं. तिचे पाय चालत नव्हते, ओट्यावर येताच तिने भडाभडा ओकून टाकलं, आणि ओकली म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उलटीचा आनंद झाला. शेजारणी धावल्या, त्यांनी जानाआत्याला उचलून अंगणात आणलं. ती डोळे उघडून म्हणाली, “शेगडी विझवू नका.”

बाळ श्वास घेत होतं. पण हिराने हलवलं, तळपायाला टिचक्या मारल्या, गालाला गाल लावला, तरी ते डोळे उघडेना. हात सोडला की खाली पडत होता.

खाडी

गोराईवरून रस्त्याने जायचं म्हणजे लांबचा फेरा. होडीने खाडी ओलांडली की समोर मार्वे, आणि तिथून मालाडचं हॉस्पिटल जवळ. रिक्षावाल्याने धक्क्यापर्यंत आणलं, आणि पुन्हा ओहोटी. होडी पायऱ्यांपासून दूर, मध्ये चिखल.

हिरा थांबलीच नाही. बाळ छातीशी धरून ती गुडघाभर चिखलात उतरली आणि तिच्या पावलांत मी प्रणालीला घेऊन उतरले. जानाआत्याला दोन शेजारणींनी खुर्चीसकट उचललं. माझी एक चप्पल चिखलाने गिळली, दुसरी मीच फेकून दिली. होडीवाल्याने दोरी सोडता सोडता विचारलं, “काय झाला?” त्याने बाळाकडे पाहिलं आणि इंजीन पूर्ण वेगात सोडलं.

प्रणालीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ती अर्धवट शुद्धीत एकच विचारत होती, “रडला का?” मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. त्या हाताला धुराड्याची काजळी होती. मला मोठ्याने सांगावंसं वाटत होतं की हे मी केलं, फट मी बुजवली.

खाडीच्या मध्यावर वारा एकदम अंगावर आला. थंड, खारा, चिरत जाणारा. शेजारणीने सवयीने आपला पदर बाळाच्या डोक्यावर ओढला. हिराने तो झटकला. मग तिने जे केलं ते कुठल्याही कोळणीने दहा दिवसांच्या बाळाला केलं नसेल. तिने कुंचीची गाठ सोडली, दुपटं उघडलं, आणि बाळाचं उघडं डोकं हाताच्या पंज्यात धरून त्याचं तोंड सरळ वाऱ्याकडे केलं.

“घे,” ती त्याला म्हणाली. “घे माज्या राजा. किती पायजे तेवढा घे.”

जानाआत्या बघत होती.

मार्वेचा धक्का जवळ यायला लागला तेव्हा बाळ शिंकलं. बारीकशी शिंक. मग कपाळाला आठ्या पडल्या. रडलं नाही, पण आठ्या पडल्या, आणि होडीतल्या सगळ्या बायका त्या आठ्यांकडे डोळे लावून बसल्या.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. आम्ही काही सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, “शेगडी होती? दार बंद?” मी हो म्हटलं. त्यांनी बाळाला काचेच्या पेटीसारख्या झाकणाखाली ऑक्सिजन लावला, प्रणालीला आणि जानाआत्याला मास्क. संध्याकाळी बाळाने डोळे उघडले आणि दूध मागितलं. “धोका टळलाय, पण दोन दिवस राहू दे,” डॉक्टर म्हणाल्या. “अजून थोडा वेळ गेला असता तर...”

मग मी बाहेरच्या बाकावर हिराला सांगितलं. फट, विटा, सिमेंट, शटर, रखवालदार, सगळं. ती ऐकत राहिली. तिच्या साडीवर चिखल वाळला होता.

“तुला म्हाईत व्हता?” तिने विचारलं.

“हो.”

“मग?”

ती उठून आत लेकीकडे गेली. मी तिथेच बसून राहिले आणि बराच वेळ रडले.

चार भिंती

दुसऱ्या दिवशी मी मालाडला छिन्नी आणि बारीक जाळी घेतली, नव्या चपला घेतल्या आणि एकटीच मनोरीला परतले. ज्या तीन घरांनी हिराचं बघून फटी बुजवून घेतल्या होत्या त्यांच्या दारात उभी राहिले. आता हे सांगणं सोपं वाटतं. वर्षापूर्वी ज्या बायकांना मी फट बुजवण्याचे फायदे सांगितले, त्यांनाच म्हणायचं होतं, “मी चुकीचं केलं. मला पुन्हा फोडू द्या.”

एका घरात म्हातारे आजोबा खवळले. “यंदा डास नाय चावला मना. तू बुजवतेस, तू फोडतेस, घर हाय का खेल?” मी त्यांना हिराच्या नातवाचं सांगितलं. त्यांनी स्वतः उठून शिडी आणून दिली. त्या घरात सून सात महिन्यांची गरोदर होती.

मी बांधलेल्या भिंती मजबूत होत्या, हे त्या दिवशी कळलं. छिन्नी उडत होती, हाताला फोड आले. बुजवलं ते सगळं उघडलं आणि आतून जाळी ठोकली, की डासाला अडवावं आणि हवेला नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. उरलेल्या टोप्याही बदलल्या, आणि अकराच्या अकरा घरांत बसून सांगितलं की कोळशाला धूर नसतो म्हणून तो निर्दोष नसतो. खोलीत निखारे असले की दार उघडं. हिराचं नाव निघालं की बायका हातातलं काम बाजूला ठेवत होत्या.

हिराच्या घराची फट मी शेवटी घेतली. घरात कुणी नव्हतं, दाराला उखडलेल्या कडीचं भोक. कौलं बसवली आणि चारही बाजूंनी फट मोकळी केली. काम संपलं तेव्हा आतल्या खोलीतून आभाळाची एक निळी पट्टी दिसायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी ते सगळे होडीने परत आले. मी ओट्यावर उभी होते, जावं की थांबावं कळत नव्हतं. हिराने माझ्याकडे न बघता पिंपाकडे बोट दाखवलं.

“हात धू.”

मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. जानाआत्या माझ्या शेजारी पाय धुवायला वाकली.

“आगीतून काढलंस नि फुफाट्यात घातलंस आमाला,” ती म्हणाली. मग बराच वेळ पायांवर पाणी ओतत राहिली. “पन मना कललं पायजे व्हता. माजा डोका रोज दुखायचा. मी म्हनायची, वय झाला.”

शेक तिने बंद केला नाही, आणि मीही तसं म्हटलं नाही. ती शेगडी ओट्यावर घेऊन बसली, उघड्यावर. फडक्याची पुरचुंडी निखाऱ्यांवर धरायची, आपल्या गालाला लावून बघायची, आणि आत जाऊन प्रणालीची पाठ शेकायची. दार सताड उघडं. पन्नास वर्षांची रीत तिने दोन दिवसांत अंगणात आणून ठेवली होती.

हिराने ताटं वाढली. माझंही वाढलं. बोंबील, भाकरी, सारवलेल्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो, आणि पहिला घास तोंडाशी नेला तेवढ्यात आतून आवाज आला. आधी किरकिर, मग टिपेचं, कानठळ्या बसवणारं भोकाड. त्या पोराने इतक्या दिवसांचं रडणं साठवून ठेवलं असावं. आवाज उघड्या दारातून आला, वरच्या फटीतून आला, शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या.

आतून प्रणाली हसत म्हणाली, “आई, ह्याला घे ना गं, थांबतच नाहीये!”

मी सवयीने उठायला लागले. हिराने माझा हात धरून मला खाली बसवलं. हॉस्पिटलच्या त्या बाकानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

“जेव तू,” ती म्हणाली. “रडू दे त्याला.”